लहान काळवीट, मोठा माळ

टेलिफोटो लेन्स कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा आहे. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने त्यावर लेख लिहावा, असे त्यात काय आहे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही प्रारंभी तसेच वाटले होते. परंतु हा प्रश्न आम्ही सुमारे दोन वर्षे बाळगला, आणि त्या अवधीत तो हळूहळू दुकानातून उठून आमच्या वर्गात येऊन बसला. निवेदक विषयापासून किती अंतरावर उभा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसू शकत नाही, तो पात्राच्या किती जवळ जाऊ शकतो आणि त्याने किती जवळ जावे, हे सारे आम्ही वर्षानुवर्षे खडूने फळ्यावर लिहीत आलो आहोत. लेन्सच्या नळीवर मिलिमीटरमध्ये जो आकडा कोरलेला असतो, तो याच प्रश्नाचे एक उत्तर असतो. फरक एवढाच की, या उत्तरासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात.

आमच्या छंदाचे क्षेत्र म्हणजे सोनारी आणि तिचा परिसर. सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातले गाव. (जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदलले, जुन्या माणसांच्या तोंडी दोन्ही नावे आहेत.) काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून सोनारी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. भैरवनाथ हे कुलदैवत असणारी कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांतून येथे येतात, आणि चैत्रातल्या यात्रेला तर पाय ठेवायला जागा उरत नाही. देवाखालोखाल या गावाची ख्याती आहे ती माकडांसाठी. देवळाच्या आवारात, ओवऱ्यांवर, घरांच्या माळवदांवर, नारळाच्या दुकानांसमोर माकडेच माकडे. गावापासून बाहेर पडावे, तर काही वेळातच दुसरे जग सुरू होते. मुरमाड माळ, मधूनच ज्वारीची काळी रानं, आता वाढत चाललेला ऊस, आणि सीना नदीवरच्या कोळेगाव धरणाचे पसरलेले पाणी. या माळांवर काळवीट आहे, खोकड आहे, नशीब असेल तर लांडगा आहे. हिवाळ्यात भोवत्या गवतावरून तरंगत जातो. पाण्यावर स्थलांतरित बदके उतरतात.

म्हणजे एकाच गावात वन्यजीव दोन अगदी भिन्न अंतरांवर उभे आहेत. देवळापाशी ते हाताच्या अंतरावर आहेत आणि माळावर क्षितिजाच्या. लेन्स निवडण्याची सारी अडचण या एका वाक्यात आली.

प्रथम देवळाकडे जाऊ. आम्ही कॅमेरा काढून टेलिफोटोचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिथल्या एका नारळविक्रेत्याने आम्हांला फार समंजसपणे विचारले, ‘‘सर, ती काय लांब हायेत व्हय? ह्यो बघा, हातातनं नारळ घेतंय.’’ त्याचे म्हणणे खरे होते. येथे दूरचे जवळ आणण्याची गरजच नाही, कारण जवळच मुळात गरजेपेक्षा अधिक आहे. पिशवी सांभाळावी लागते, चष्मा सांभाळावा लागतो. तरीही अनेक छायाचित्रकार येथे ७०-३०० मिलिमीटरची लेन्स लावतात, आणि त्याला कारण आहे. लांब नाभीय अंतराच्या लेन्सचा दृष्टिकोन अरुंद असतो. छायाचित्रकार चार-पाच मीटर मागे सरकतो आणि चौकटीत केवळ एक चेहरा उरतो. मागचे प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, भाविकांचे पाय, पत्र्याची शेड, हे सारे एकतर चौकटीबाहेर जाते किंवा मऊ धुक्यासारखे विरघळते. मग त्या चित्रातले माकड कोठल्याही अरण्यातले असू शकते.

छायाचित्रकारांमध्ये एक गैरसमज रूढ आहे, तो येथे दूर केला पाहिजे. टेलिफोटो लेन्स पुढचे-मागचे ‘दाबून’ एकत्र आणते, असे म्हणतात. वास्तविक पुढच्या-मागच्या वस्तूंचे प्रमाण लेन्सवर ठरत नाही, ते आपण कोठे उभे आहोत त्यावर ठरते. त्याच जागेवरून साध्या लेन्सने चित्र घेऊन त्याचा मधला भाग कापला, तर प्रमाण तेच राहील. लेन्स दाबत काही नाही, ती फक्त कापते. टेलिफोटो म्हणजे वगळण्याचे यंत्र होय. हे एकदा ध्यानात आले की, निवड किती मोठे दिसेल याची राहत नाही, काय वगळायला आपण तयार आहोत याची होते.

सोनारीच्या माकडाभोवतालचे वगळण्यास आमचे मन तयार होईना. त्या माकडाचे सारे जगणेच मुळी त्या आवारात, त्या नारळात आणि त्या श्रद्धेत आहे. गाव त्यांना हाकलत नाही. याच जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन जमिनीच्या दप्तरी माकडांच्या नावे लागलेली आहे, असे वृत्त २०२२ साली सर्वत्र छापून आले होते. माणूस आणि माकड यांच्यातल्या या व्यवहाराचे चित्र घ्यायचे, तर तिथे टेलिफोटोपेक्षा ३५ किंवा ५० मिलिमीटरची साधी लेन्सच उपयोगाची. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ची येथे आठवण होते. वानरांच्या टोळ्यांतल्या सत्तासंघर्षाची ती कथा. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती कथा टोळीची आहे, आणि टोळी राहते त्या रानाची आहे. एकेका वानराचे सुटे, सुंदर, पार्श्वभूमीविरहित मुखचित्र काढून ती कथा सांगता आली नसती. देवळाच्या आवारापुरता आमचा निर्णय असा चटकन झाला: नवीन काही घ्यायचे नाही.

खरा पेच होता माळाचा.

माळावर कवितेआधी गणित करावे लागते, आणि ते अवघड नाही. सेन्सरवर उमटणाऱ्या प्रतिमेची उंची म्हणजे प्राण्याची उंची गुणिले नाभीय अंतर, भागिले प्राण्याचे आपल्यापासूनचे अंतर. काळविटाची खांद्यापाशी उंची साधारण ८० सेंटिमीटर. तो १०० मीटरवर उभा आहे असे धरा. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा २.४ मिलिमीटर उंच होईल. आमच्या कॅनन कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आकाराचा, म्हणजे सुमारे २२ गुणिले १५ मिलिमीटरचा आहे. तेव्हा काळवीट चौकटीच्या उंचीचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापील. ४०० मिलिमीटरने ३.२, म्हणजे पाचवा हिस्सा. ६०० मिलिमीटरने ४.८, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. चंडोलासारखा १८ सेंटिमीटरचा पक्षी १५ मीटरवर बसू देत असेल, तर ४०० मिलिमीटरने त्याची लांबी बरोबर ४.८ मिलिमीटर भरते. लहान पक्षी जवळचा आणि मोठा प्राणी दूरचा, असे माळाचे एक संतुलन आहे. चंडोल आणि काळवीट यांना जवळजवळ एकच लेन्स लागते, हे या आकडेमोडीने आम्हांला प्रथम कळले.

या गणितातले १०० मीटर कोठून आले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ते अंतर काळविटाने ठरवलेले असते. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी ‘पलायन-अंतर’ ही कल्पना मांडली. शत्रू अमुक अंतराच्या आत आला की, प्राणी पळतो. त्याच्या बाहेर असेतोवर तो चरत राहतो, कान मात्र आपल्याकडे असतात. हे अंतर जातीप्रमाणे, ऋतूप्रमाणे, माणसाच्या पूर्वानुभवाप्रमाणे बदलते. सोनारीच्या माकडाचे पलायन-अंतर जवळजवळ शून्य झाले आहे. माळावरच्या काळविटाचे, माणूस पायी असेल तर, शंभराच्या पुढे जाते. मेंढरांच्या कळपासोबत असलात तर ते थोडे घटते, मोटारसायकल बंद न करता रस्त्यावरच थांबलात तरी घटते, आणि खाली उतरून वाकून चालू लागलात की एकदम वाढते. वाकून चालणारा दोन पायांचा प्राणी काय करायला आला आहे, हे काळविटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही पावलांनी ही अंतरे मोजत राहिलो. एका मेंढपाळाने आम्हांला सांगितले, ‘‘उभं राहूनच चाला, सर. आडवं-आडवं जावा. त्येच्याकडं बघत गेला की ते ऱ्हात न्हाई.’’ कोणत्याही पुस्तकातल्या सूचनेपेक्षा ही सूचना मोलाची निघाली, आणि तिला पैसे पडले नाहीत.

आता बाजाराकडे वळू. छंद म्हणून वन्यजीवांचे छायाचित्रण करणाऱ्याला पूर्वी फार पर्याय नव्हते. कॅननची ४०० मिलिमीटर एफ ५.६ ही १९९३ सालची लेन्स हलकी, सव्वा किलोची. पण तिच्यात कंपनरोधक नाही आणि साडेतीन मीटरच्या आतले तिला दिसत नाही. १९९८ सालची १००-४०० अनेक वर्षे हौशी लोकांच्या खांद्यावर दिसे. तिची नळी ढकलून-ओढून झूम करावी लागे. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली आणि चित्र पालटले. सिग्माने त्याच पल्ल्याच्या दोन लेन्स आणल्या. निकॉनने २०१५ साली २००-५०० एफ ५.६ काढली. ६०० मिलिमीटरचा आकडा, जो तोवर दहा लाखांच्या घरातल्या माणसांचा होता, तो लाखाच्या आगेमागे येऊन ठेपला. पुढे मिररलेस कॅमेऱ्यांचा काळ आला. सोनीची २००-६०० २०१९ साली, कॅननची ६०० आणि ८०० मिलिमीटरची, एफ ११ इतक्या लहान छिद्राची हलकी जोडी २०२० साली, निकॉनची १८०-६०० २०२३ साली. आज नव्या लेन्स बहुतेक मिररलेससाठीच निघतात. त्यामुळे जुन्या डीएसएलआरच्या उत्तम लेन्स वापरलेल्या स्थितीत बऱ्याच स्वस्तात मिळू लागल्या आहेत. प्राध्यापकाच्या पगाराला हा काळ अनुकूल आहे.

आमच्यापुढे शेवटी दोन नावे उरली. एक सिग्माची १५०-६००, दोन प्रकारांतली हलकी, जी ‘हलकी’ असूनही १.९३ किलो भरते. दुसरी कॅननची १००-४००, २०१४ सालची दुसरी आवृत्ती, पट्ट्यासह सुमारे १.६ किलोची. दोन्ही वापरलेल्या, दोन्हींची किंमत आमच्या आटोक्याच्या काठावर. पहिलीत २०० मिलिमीटर अधिक, दुसरीत एक मीटरहूनही थोड्या कमी अंतरावरचे स्पष्ट टिपण्याची सोय, म्हणजे सरडा, फुलपाखरू, गवतातला नाकतोडा हेही तिच्या कक्षेत.

घरी हा विषय निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी किमतीविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘अहो, त्यातून असं काय दिसणार आहे, जे आत्ता तुम्हांला तिथं उभं राहून दिसत नाही?’’ त्या इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न नेहमीच पुराव्याच्या अंगाने येतात. या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पैसे खर्च करणे आम्हांला प्रशस्त वाटेना.

तांत्रिक बाजू आधी तपासली. ४०० ऐवजी ६०० म्हणजे दीडपट, दुप्पटही नाही. आकडा मोठा असल्याने मनावर त्याचा दाब पडतो, पण माळावर हा दीडपटीचा लाभ म्हणजे शंभर मीटरवरचा काळवीट सदुसष्ट मीटरवर आल्यासारखा दिसणे. त्याच्या बदल्यात प्रकाश थोडा कमी, एफ ५.६ ऐवजी एफ ६.३, म्हणजे एका टप्प्याचा तिसरा भाग. हाताच्या कंपाचा प्रश्न वाढतो. जुना संकेत असा की, शटरचा वेग नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा मंद नसावा. आमच्या लहान सेन्सरसाठी त्याला १.६ ने गुणावे. म्हणजे ४०० साठी सेकंदाचा ६४० वा भाग आणि ६०० साठी साधारण हजारावा. कंपनरोधक हाताचा कंप सावरतो, पळत्या काळविटाला मात्र तो थांबवू शकत नाही. एफ ११ च्या हलक्या लेन्सचा मोह आम्हांला झाला होता, तोही येथेच सुटला. भर उन्हात एफ ११ आणि हजाराव्या भागाला आयएसओ ५०० पुरते. पण सकाळचा प्रकाश त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतका धरला तर आयएसओ ८००० वर जावे लागते, जिथे एफ ५.६ ला २००० पुरले असते. आणि माळावरचे जगणे तर सकाळच्या त्याच एका तासात असते. टेलिकन्व्हर्टर लावून ४०० चे ५६० करता येतात, पण छिद्र एफ ८ वर जाते आणि साध्या डीएसएलआरचे स्वयंचलित फोकस तिथे मान टाकते.

याउपर एक गोष्ट अशी, जी कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजून गेले की, जमिनीलगतची हवा हलू लागते. तापलेल्या हवेचे थर प्रकाशाला निरनिराळे वाकवतात आणि दूरची प्रत्येक वस्तू पाण्यात असल्यासारखी थरथरते. लेन्स जितकी लांब, तितका हा थरथराट मोठा होऊन येतो. लाखाची लेन्स असो की दहा लाखांची, शंभर-दीडशे मीटरवरच्या काळविटाची रोमावळ दुपारी कोणालाही स्पष्ट मिळत नाही. कारण तेथे भिंगाचा दोष नसतो, हवाच भिंग झालेली असते. ‘मृगजळ’ हा शब्द आपण इतक्यांदा वापरला आहे की, त्यात मृग आहे हे आपण विसरलो आहोत. लांब लेन्समधून पाहिले की तो परत येतो: खरोखर जळात उभा असलेला मृग. या अडचणीवर उपाय एकच, पहाटे निघणे. तो उपाय विकत मिळत नाही.

आता नैतिक बाजू. लांब लेन्सच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद हाच केला जातो की, ती प्राण्याला त्रास न देता दुरून काम करू देते. हा युक्तिवाद आम्ही हलक्याने घेत नाही. छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तर जवळ जाण्याच्या तीनच वाटा दिसतात. एक लपण्याची: इंग्लंडमधल्या कर्टन बंधूंनी १९०० च्या सुमारास पक्ष्यांजवळ जाण्यासाठी भुसा भरलेल्या बैलाच्या पोटात बसून छायाचित्रे घेतली. दुसरी सापळ्याची: वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली, वाघाच्या पायाने कॅमेरा उघडला, आणि त्या चित्रांचे पुस्तक १९२७ साली निघाले. तिसरी वाट भिंगाची, जिची सुरुवात डालमायर यांनी १८९१ साली टेलिफोटो लेन्सचे पेटंट घेतले तेव्हा झाली. तिन्हींमध्ये भिंगाची वाट प्राण्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपद्रवी, असे मानायला हरकत नव्हती.

परंतु माळावर आणि धरणाकाठी आम्ही जे पाहत आलो, ते या युक्तिवादाला पुरते दुजोरा देत नाही. ३०० मिलिमीटरवाला जिथवर जातो, तिथवरच ६०० वालाही जातो. पहिल्याला पूर्ण पक्षी हवा असतो, दुसऱ्याला त्याच्या डोळ्यातले प्रतिबिंब. लेन्स वाढली म्हणून अंतर वाढत नाही, हाव वाढते. गाडी माळात घालून काळविटाचा कळप पळवायचा, कारण ‘ॲक्शन’ हवी असते. टिटवीच्या अंड्यांभोवतीचे खडे बाजूला करायचे, कारण अंडी नीट दिसत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणेही येते, हे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. शब्दाची ही व्याप्ती भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कायद्याने तिथे छायाचित्रकार आणि शिकारी यांच्यात नळीवरून भेद केलेला नाही.

आमच्या भागात तर हा विचार अधिकच टोचतो. शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. मूळ क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नान्नजचे नाव देशभर गेले ते माळढोकामुळे, आणि आज त्याच नान्नजला जाऊन माळढोक दिसेल अशी आशा कोणी धरत नाही. माळढोकाची सुंदर मुखचित्रे पुष्कळ आहेत. मान, डोळा, डोक्यावरची काळी टोपी, सारे स्पष्ट. मागे सोनेरी धूसरता. ती धूसरता म्हणजे माळ होता. पक्षी गेला तो त्या माळाबरोबर गेला, आणि नेमका तोच चित्रांतून वगळलेला आहे.

येथे आम्हांला सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले. सरकारी भाषेत माळाला ‘पडीक’ म्हणतात. जिथे झाड नाही ते रान नाही, अशी आपली समजूत. त्यामुळे गवताळ माळ हा काहीतरी उभारण्यासाठी रिकामा पडलेला भूभाग ठरतो. त्यावर ऊस येतो, सौर पट्टे येतात, पवनचक्क्या येतात, आणि वृक्षारोपणाचे खड्डेही येतात. एका गावात माकडांच्या नावे ३२ एकर लागू शकतात. काळविटाच्या, भोवत्याच्या, धाविकाच्या नावे काही लागत नाही. या जमिनीवर कोणी राहते, याचा पुरावा काय? पुरावा म्हणून ६०० मिलिमीटरचे मुखचित्र निरुपयोगी आहे. तो काळवीट कोणत्याही प्राणिसंग्रहालयातला असू शकतो. पुराव्याच्या चित्रात जमीन दिसली पाहिजे. मुरूम दिसला पाहिजे, कुसळी गवत दिसले पाहिजे, दूरवर परांड्याच्या बाजूची बाभळीची रांग दिसली पाहिजे, आणि त्या साऱ्यात चौकटीच्या पाचव्या हिश्श्याएवढा काळवीट आपल्या जागी उभा दिसला पाहिजे.

पाचवा हिस्सा म्हणजे ४०० मिलिमीटर. आम्ही १००-४०० घेतली.

याचा अर्थ ६०० घेणारे चुकतात असा नाही. ज्याला पाण्यावरची बदके ओळखून त्यांची नोंद करायची आहे, ज्याला शिकारी पक्ष्यांच्या पिसांवरून जात ठरवायची आहे, त्याला ती जास्तीची दीडपट खरोखर लागते, आणि त्याचे काम आमच्यापेक्षा अधिक उपयोगी असू शकते. कोळेगावच्या पाण्यावर पलीकडच्या काठाला बसलेले चक्रवाक आमच्या चित्रांत नारिंगी ठिपके म्हणूनच येतात. ते ठिपके आम्ही दुर्बिणीतून पाहतो, ८ गुणिले ४२ च्या, आणि पाहून झाल्यावर वहीत लिहितो. पाहणे, टिपणे आणि लिहिणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. तिन्ही एकाच नळीतून व्हाव्यात असा आग्रह कशाला?

या संदर्भात मारुती चितमपल्ली यांचे स्मरण अपरिहार्य आहे. सोलापुरात जन्मलेले आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच निवर्तलेले हे वनाधिकारी. २००६ साली सोलापूरच्याच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी मराठीला पक्ष्यांचा, प्राण्यांचा, वृक्षांचा कोश दिला. कोश ही सुद्धा एक प्रकारची लेन्स आहे, असे आम्हांला वाटते. नाव ठाऊक नसलेला पक्षी माळावर असूनही दिसत नाही. ‘एक तपकिरी पाखरू’ एवढेच दिसते. धाविक हा शब्द ठाऊक झाला की, त्याच मुरमाडावर मातीच्या रंगाचा तो चिमणा धावपटू थांबत-थांबत पळताना दिसू लागतो. ही लेन्स आमच्या विद्यार्थ्यांना परवडणारी आहे, तिला वजन नाही, आणि दुपारच्या उन्हात ती थरथरत नाही.

विद्यार्थ्यांपैकी काहींना हा छंद लागला आहे आणि ते आम्हांला ‘सर, कोणती लेन्स घेऊ?’ असे विचारतात. त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. प्रथम ज्या जागी वारंवार जाणे शक्य आहे ती जागा ठरवा. ताडोबाची लेन्स घेऊन सोनारीला येण्यात अर्थ नाही. तिथे दोन महिने कॅमेऱ्यावाचून जा आणि प्राणी तुम्हांला किती अंतरावर राहू देतो, हे पावलांनी मोजा. मग वर दिलेले गणित करा. मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळतात. दोन दिवसांसाठी आणून ती गळ्यात अडकवून पाच किलोमीटर चाला, म्हणजे वजनाचा आकडा कागदावरून खांद्यावर येईल. वापरलेली घेत असाल तर भिंगातून उजेडाकडे पाहून बुरशीचे जाळे नाही ना ते तपासा, फोकसचे चाक कानाशी लावून फिरवा, आणि नळी झटकन बाहेर-आत होताना आत वाळू करकरत नाही ना ते ऐका. आपल्याकडची धूळ कोठेही शिरते. आणि या सर्वांनंतर, चित्रात प्राण्याखेरीज आणखी काय राहिले पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात वहीत लिहून काढा. ते वाक्य लिहिता आले, तर कोणती लेन्स घ्यावी हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

आमच्या वहीतले वाक्य या लेखाच्या शीर्षकात आहे.